शंभरी रक्तातच असते का? महर्षी कर्वे, जनुकं आणि पुण्यात सापडलेला दुसरा वारसा

ज्यांना बसमध्ये हेडफोन विसरल्यामुळे किंवा ऑफिसमध्ये आवाज करता येत नाही म्हणून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मध्येच आलेला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय. बाकी सगळं जसंच्या तसं.

या भागाची मागणी तुमच्याकडूनच आली होती. मेसेजेसमध्ये दोन प्रकारची वाक्यं सारखी दिसतात. एक: “आमचे आजोबा पंच्याण्णव वर्षं जगले, रोज तूप खायचे, त्यामुळे मला टेन्शन नाही.” दुसरं: “बाबा पन्नाशीत हार्ट अटॅकने गेले, त्यामुळे माझंही तेच होणार.” एक जण बिनधास्त, दुसरा घाबरलेला. पण दोघंही एकच गोष्ट धरून चाललेत, की वय हे रक्तात लिहून आलेलं असतं. आज आपण बघू की यात खरं किती आहे.

[०१:१०] नळस्टॉपचा सिग्नल आणि एकशे चार वर्षं

पुण्यात राहत असाल तर कर्वे रोडवर नळस्टॉपच्या सिग्नलला तुम्ही आयुष्यातले काही तास नक्कीच घालवलेत. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, ते महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचं स्त्रीशिक्षणाचं काम आपण शाळेत वाचलंय. आज आपण त्यांच्या वयाकडे बघू.

जन्म १८ एप्रिल १८५८, कोकणात, खेड तालुक्यातल्या शेरवलीला. मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२, पुण्यात. म्हणजे १०४ वर्षं आणि वर साडेसहा महिने. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं, तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती. त्याच वर्षी त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं आणि ते बघायला ते स्वतः हयात होते!

आणि हे आयुष्य आरामखुर्चीत गेलेलं नाही. वयाच्या सतराव्या वर्षी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्याला चालत गेले, भर पावसात, शंभर मैलांहून जास्त अंतर. तिथे पोचल्यावर काय झालं? परीक्षा घेणाऱ्यांना ते सतरा वर्षांचे वाटलेच नाहीत, आणि त्यांना बसू दिलं नाही. जो माणूस पुढे १०४ वर्षं जगला, त्याला ‘वय कमी दिसतंय’ म्हणून परत पाठवलं. पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी जायचं, हा त्यांचा क्रम. वयाच्या सत्तरीनंतर त्यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका असे दौरे केले.

आता साल लक्षात घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ सगळे पंचविशीत म्हातारे होऊन मरत होते असा नाही. खूप मुलं पहिल्या काही वर्षांतच जायची, त्यामुळे सरासरी खाली यायची. जी वाचायची, त्यांच्यातली काही साठ-सत्तरी गाठायची. पण १०४ म्हणजे अगदी विरळा.

[०३:२०] मग मुलांचं काय?

वय रक्तात असतं असं म्हणणाऱ्यांसाठी हा साधा प्रश्न. कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव, म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’वाले र. धों. कर्वे. जन्म १८८२, मृत्यू १९५३. वय ७१. म्हणजे वडील ९५ वर्षांचे असताना मुलगा गेला. आणखी एक चिरंजीव दिनकर, फर्ग्युसनचे प्राचार्य. जन्म १८९९, मृत्यू १९८०. साधारण ८१. दोन्ही वयं त्या पिढीच्या मानाने चांगलीच आहेत. पण शंभरी कुठे?

याचं कारण समजायला पत्त्यांचा डाव आठवा. आई-वडिलांकडून प्रत्येकी निम्मी जनुकं आपल्याकडे येतात. जनुक म्हणजे जीन, शरीरातलं एखादं प्रथिन कसं बनवायचं याची कृती. वडिलांच्या हातात उत्तम पानं असली तरी त्यातली निम्मीच तुम्हाला मिळणार. कुठली निम्मी, ते पिसताना ठरतं. शंभरी गाठायला एखादं हुकमी पान पुरत नाही, बऱ्याच छोट्या छोट्या पानांचा चांगला मेळ लागतो. आणि तो मेळ पुढच्या पिढीत मोडतो. रघुनाथरावांना निम्मी पानं आई राधाबाईंकडून आली, दिनकररावांना त्यांची आई आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे यांच्याकडून. दोघांचे डाव वेगळे.

अर्थात, एका घराण्यावरून विज्ञान सिद्ध होत नाही. म्हणून मोठ्या आकड्यांकडे जाऊ.

[०५:००] पंचवीस टक्के म्हणजे नेमकं काय?

डेन्मार्कमध्ये जुळ्यांच्या नोंदी फार काटेकोर ठेवल्या जातात. तिथल्या संशोधकांनी १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या २,८७२ जुळ्या जोड्या तपासल्या. काही जुळी अगदी एकसारखी, म्हणजे जनुकं जवळपास शंभर टक्के समान. काही साध्या भावंडांसारखी, निम्मी समान. एकसारख्या जुळ्यांची आयुष्यं एकमेकांशी किती जास्त जुळतात यावरून जनुकांचा वाटा काढता येतो. १९९६ मध्ये उत्तर आलं: साधारण पंचवीस टक्के.

इथे बरेच जण घसरतात. याचा अर्थ ‘माझ्या ऐंशी वर्षांतली वीस वर्षं जनुकांची’ असा होत नाही. माणसामाणसांच्या आयुष्यांत जो फरक दिसतो, कुणी साठ तर कुणी नव्वद, त्या फरकापैकी सुमारे पाव भाग जनुकांतल्या फरकामुळे समजावता येतो. एवढाच त्याचा अर्थ.

पुढची गंमत २०१८ मधली. एका वंशावळीच्या वेबसाइटवरची कोट्यवधी लोकांची माहिती तपासताना दिसलं की सख्ख्या भावंडांची आयुष्यं जुळतात हे ठीकच, पण सासरच्या माणसांचीही जुळतात! मेव्हणे, साडू, जावा. यांच्यात रक्ताचं नातं शून्य. मग हे कसं?

आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. स्थळ बघताना आपण काय करतो? शिक्षण सारखं, घरची परिस्थिती सारखी, खाणंपिणं सारखं, शहर जवळचं. सारखी माणसं सारख्यांशी लग्न करतात, आणि आयुष्य वाढवणाऱ्या किंवा कमी करणाऱ्या गोष्टी या ‘सारखेपणा’त दडलेल्या असतात. हा परिणाम वजा केल्यावर जनुकांचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आला.

मग नक्की दहा की पंचवीस? अलीकडे तिसरी बाजूही आलीय. अपघात आणि संसर्गासारखी बाहेरून येणारी मरणं हिशोबातून काढली, तर वाटा पन्नास टक्क्यांपर्यंत जातो, असं काही संशोधक मांडतात. हे आकडे एकमेकांशी भांडतायत असं वाटेल. पण पुण्याचंच उदाहरण घ्या. १८९७ च्या प्लेगमध्ये माणूस कुठल्या जनुकांचा आहे हे कोण बघत होतं? उंदीर आणि पिसवा कुठल्या पेठेत आहेत, यावर जगणं-मरणं ठरत होतं. कर्व्यांचा आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला तो याच वर्षांत. बाहेरचा धोका मोठा असतो तेव्हा जनुकांचा फरक झाकला जातो. पाणी स्वच्छ झालं, लसी आल्या, की तो उघडा पडतो. म्हणजे ‘जनुकांचा वाटा’ हा दगडावर कोरलेला आकडा नाही. तुम्ही कुठल्या काळात आणि कुठल्या गावात राहता, त्यावर तो बदलतो.

[०८:००] शंभरीपार मात्र खेळ बदलतो

ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत वागणूक आणि परिस्थिती यांचं पारडं जड. त्यापुढे मात्र जनुकं जोर धरतात. अमेरिकेत बॉस्टनमध्ये १९९५ पासून शतायुषी लोकांचा अभ्यास चालू आहे. तिथे दिसलं की शंभरी गाठलेल्या माणसाच्या भावाची शंभर गाठण्याची शक्यता त्याच काळात जन्मलेल्या इतर पुरुषांच्या किमान सतरा पट आणि बहिणीची, इतर बायकांच्या तुलनेत, आठ पट. ऐकायला भारी वाटतं. पण मुळात शंभरीची शक्यताच इतकी कमी, की सतरा पट करूनही ती थोडीच राहते.

न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पंच्याण्णवीपुढच्या ४७७ ज्यू लोकांना विचारलं, तुम्ही तरुणपणी कसं राहायचात? २०११ मध्ये निकाल आला. वजन, सिगारेट, दारू, व्यायाम, आहार यांत ते त्यांच्याच पिढीच्या इतर लोकांपेक्षा काही फार शहाणे नव्हते! म्हणजे तुपाचे आजोबा खरेच आहेत. त्यांना चांगली पानं आली होती, म्हणून तूप पचलं. तुम्हाला तीच पानं आली आहेत का, हे तुम्हाला माहीत नाही. इथेच ‘आमचे आजोबा’ हा युक्तिवाद कोसळतो.

मग ती पानं कुठली? हजारो जनुकं चाळून झाली, पण पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या देशांत टिकून राहिलेली नावं जेमतेम दोन.

पहिलं एपीओई. रक्तातून चरबी आणि कोलेस्टेरॉल वाहून नेणारं प्रथिन हे जनुक बनवतं. त्याच्या तीन आवृत्त्या आहेत: ई-२, ई-३ आणि ई-४. ई-४ असेल तर अल्झायमर आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. शंभरीपर्यंत पोचलेल्यांत ई-४ वाले कमी सापडतात, कारण त्यातले बरेच वाटेतच गळालेले असतात. म्हणजे दीर्घायुष्याचं हे सगळ्यात पक्कं जनुकसुद्धा मुख्यतः एक वाईट पान हातात नसण्याबद्दल आहे.

दुसरं फॉक्सओ-३. याची गोष्ट एका मिलिमीटरच्या अळीपासून सुरू होते. १९९३ मध्ये सिंथिया केनियन यांच्या प्रयोगशाळेत या अळीच्या एका जनुकात बदल झाल्यावर ती दुप्पट जगते असं दिसलं. ते जनुक इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या साखळीतलं निघालं. त्याच साखळीच्या पुढच्या टोकाला आपलं फॉक्सओ-३ बसतं. पेशीची दुरुस्ती, ताण सहन करणं, ही कामं ते चालवतं. २००८ मध्ये हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत याची एक विशिष्ट आवृत्ती दीर्घायुषींमध्ये जास्त आढळली.

अळीपासून माणसापर्यंत धागा कुठला? इन्सुलिन. साखर. आणि इथे आपण परत पुण्यात येतो.

[११:००] पुण्यात सापडलेला दुसरा वारसा

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघंही बारीक. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! वजनकाट्याला दोघे सारखे, आतून मात्र वेगळे. याला ते ‘थिन-फॅट’ म्हणतात. वरून बारीक, आतून चरबीदार. पोट थोडं पुढे, हातपाय काडीसारखे. आजूबाजूला बघा, निम्मा ऑफिस असाच दिसेल.

साहजिक प्रश्न: हे आपल्या जनुकांत आहे का? थोडं असेलही. पण याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधीपासून बायकांच्या नोंदी, मग गरोदरपण, मग बाळं, आणि ती बाळं मोठी होईपर्यंत पाठपुरावा. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं बारकी. पण कमी काय होतं? स्नायू, पोटातले अवयव. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे थिन-फॅट शरीर वडापाव आणि नेटफ्लिक्समुळे सुरू होत नाही. ते जन्मतःच तिथे असतं.

पुढे सापडलं की निम्म्याहून जास्त आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, अशी जोडी असलेल्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देत होतं. बी-१२ आणि फोलेटचा संबंध डीएनएवर लागणाऱ्या रासायनिक खुणांशी आहे. कुठलं जनुक किती चालू ठेवायचं, हे या खुणा ठरवतात. पुस्तक तेच, पण कुठलं पान उघडायचं याच्या पट्ट्या आईच्या पोटातच लागतात.

आणि ही मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा? मुलग्यांमध्ये तिघांपैकी एकापेक्षा थोड्या जास्त जणांची साखर बिघडलेली होती. मुलींमध्ये साधारण पाचात एकीची. ही गावातली, बहुतेक बारीक मुलं, जाड म्हणावीत अशी नव्हेत. यातली पुष्कळशी आज तुमच्याच वयाची आहेत.

हाच तो दुसरा वारसा. तो घराण्यात येतो, म्हणून आपण त्याला ‘रक्तातलं’ म्हणतो. आजीला शुगर, बाबांना शुगर, मला होणारच. पण त्यातला एक भाग जनुकांच्या अक्षरांतून येत नाही. तो आजीच्या ताटातून, आईच्या गरोदरपणातून येतो. अक्षरं बदलता येत नाहीत. ताट बदलता येतं.

[१४:१०] “थुंकीची टेस्ट करू का?”

हा प्रश्न येणारच होता. नळीत थुंकायचं, कुरिअर करायचं आणि ‘तुमचं दीर्घायुष्य किती’ असा रिपोर्ट घ्यायचा. थोडं थांबा. एक तर दोन पक्की जनुकं सोडली तर बाकीच्यांचा परिणाम इतका बारीक आहे की त्यावरून एका माणसाचं वय सांगता येत नाही. दुसरं, या चाचण्यांमागचा बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवरचा आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे पूर्ण जीनोम वाचले गेले आणि ती माहिती संशोधकांना खुली झाली २०२५ मध्ये. आपला पाया आत्ता कुठे घातला जातोय. आणि तिसरं, ई-४ आहे असं कळलं आणि समजावणारं शेजारी कुणीच नसलं, तर ती चिंता तुम्ही एकट्याने सांभाळायची.

जाता जाता आणखी एक. शंभरीच्या बातम्या वाचताना पुरावा विचारा. वयाचे मोठे दावे बऱ्याचदा जन्म-मृत्यूच्या नोंदी कच्च्या असलेल्या ठिकाणांहून येतात, हे दाखवणाऱ्या सॉल न्यूमन यांना २०२४ मध्ये इग्नोबेल मिळालं. आपल्याकडे तर विचारायलाच नको. घरातल्या किती ज्येष्ठांचा वाढदिवस १ जूनला आहे बघा! मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली तारीख ती. कर्व्यांचं उदाहरण आज घेतलं ते याचसाठी, की त्यांच्या तारखा पक्क्या आहेत.

[१५:४०] मग करायचं काय?

चार कामं. एकही महाग नाही.

पहिलं, घराण्याचा तक्ता करा. आजी-आजोबा, आई-बाबा, काका, आत्या, मामा, मावशी. प्रत्येकाच्या नावापुढे वय लिहा आणि मोठा आजार कुठला, कितव्या वर्षी, ते लिहा. ‘पंच्याण्णव वर्षं जगले’ एवढ्यावर थांबू नका. त्यातली शेवटची किती वर्षं अंथरुणात गेली, तेही विचारा. घरात पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा बाईला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर ही माहिती डॉक्टरांना आत्ताच सांगा. कोलेस्टेरॉल तरुणपणीच तपासायचं ते यासाठीच. बाबा पन्नाशीत गेले, हा निकाल नाही. ती लवकर मिळालेली सूचना आहे, आणि बाबांच्या वेळी न मिळालेली औषधं आज केमिस्टकडे मिळतात.

दुसरं, वजनकाट्यावर विश्वास ठेवू नका. टेप घ्या. कंबर पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर, बायकांमध्ये ८० सेंटीमीटर ओलांडत असेल, तर वजन ‘नॉर्मल’ असूनही साखर तपासून घ्या. आणि स्नायू कमवा. नुसतं चालणं चांगलंच, पण जोर-बैठका किंवा वजन उचलणं हवं, कारण जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त स्नायूच ओढून घेतात.

तिसरं, शाकाहारी असाल तर बी-१२ तपासा. दूध-दह्यात ते असतं, पण चहात घातलेल्या दोन चमचे दुधाने भागत नाही. कमी निघालं तर डॉक्टरांना विचारून घ्या. लग्न आणि मूल मनात असणाऱ्या मुलींसाठी तर हे आणखी महत्त्वाचं. आणि घरच्यांनो, मुलीच्या, सुनेच्या ताटाची काळजी डोहाळजेवणाच्या दिवशी सुरू करून उशीर झालेला असतो.

चौथं, सिगारेट. यात समजावण्यासारखं काही नाही. सोडा.

याने शंभरी मिळेल का? बहुतेक नाही. शंभरी ही पानांची गोष्ट आहे आणि ती वाटून झाली आहेत. पण कोरेगाव पार्क असो की कात्रज, पंचाहत्तरीत स्वतःच्या पायाने जिना चढता येणं, हे बऱ्याच जणांच्या हातात आहे. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचं बघा. १९१८ च्या फ्लूच्या साथीत जन्म, लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय, आणि नऊ वर्षांचे असताना वडील गेले. हा मुलगा पंच्याण्णव वर्षांपर्यंत जगेल असं कुणी म्हटलं असतं? २०१४ मध्ये ते पुण्यात गेले, ते ९५ वर्षांचे होऊन.

आजचा भाग इथेच. घराण्याचा तक्ता केलात तर सांगा, कुठली गोष्ट पहिल्यांदाच कळली. आणि तुपाच्या आजोबांचा दाखला देणारा मित्र असेल, तर त्याला ही लिंक पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!